तीन सूत

सायकलवाल्याला सगळी गल्ली सूतभर म्हणायची, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, खुद्द त्यालाही नाही. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक सूत. सुतार-गवंड्यांचं हे जुनं माप आता फारसं कुणी वापरत नाही, पण ह्या माणसाच्या तोंडून ते दिवसातून पन्नास वेळा निघायचं. हँडल सूतभर वर घ्या. ब्रेक सूतभर लांब आहे. भाजीत मीठ सूतभर जास्त झालंय, असंही तो एकदा जेवताना बोलून गेला, तेव्हा बायकोने त्याला चार दिवस अळणी जेवायला घातलं. पाचव्या दिवशी त्याने माफी मागितली, पण माप काही सोडलं नाही.

दुकान म्हणजे आठ बाय दहाची पत्र्याची शेड. भिंतीला उलटी टांगलेली चाकं, पंक्चर शोधायला पाण्याचं घमेलं, छर्‍यांचे डबे, आणि मधोमध एक लोखंडी घोडी. तिच्यावर चाक चढवून तो त्याचं आऊट काढायचा. चाक फिरवायचं, एक डोळा मिटून रिमकडे बघायचं, एखादी तार अर्धा आटा पिळायची, पुन्हा फिरवायचं. डोलणारं चाक त्याच्या हाताखालून सरळ होऊनच बाहेर पडायचं. ह्या कामात त्याच्या तोडीचा माणूस आसपास नव्हता, आणि हे तो स्वतः सांगत नसे म्हणून मी सांगतोय.

हात मात्र वाईट. चोरटे नव्हेत, लुडबुडे. रस्त्यात उभी असलेली कुणाचीही सायकल दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. बायको तापाने फणफणून दवाखान्यात रांगेत बसलेली, आणि हा बाहेर कंपाउंडरच्या सायकलची चेन ताणून देतोय. स्वतःच्या लग्नात जेवणं अर्धा तास खोळंबली, कारण नवरदेव हॉलच्या मागे आचार्‍याच्या सायकलचा ब्रेक बसवत होता. एकदा तर एक पोस्टमन पत्र टाकून खाली येतो तो काय, हा गृहस्थ त्याच्या सायकलची सीट काढून फुटपाथवर बसलेला. चोर चोर म्हणून आरडाओरडा झाला, पोस्टमनने कॉलर धरली. ह्याने शांतपणे सांगितलं, "खाली होती हो. अशीच चालवलीत तर पन्नाशीत गुडघे जातील." तो पोस्टमन पुढे रिटायर होईपर्यंत त्याचा गिर्‍हाईक होता. त्यामुळे कुणाला न विचारता हात घालणं हा दोष आहे, असं ह्या माणसाला कधी वाटलंच नाही. उलट लोकांचंच भलं होतंय, अशी त्याची प्रामाणिक समजूत.

त्याला दोन मुली. थोरलीला ग्रीसचा वास कधी सोसला नाही. ती शिकली, बँकेत लागली, बँकेतल्याच मुलाशी लग्न करून संसाराला लागली. धाकटी दुकानातच वाढली. चार वर्षांची असताना ती छरे निवडून ज्याच्या त्याच्या डब्यात टाकायची. दहाव्या वर्षी पंक्चर काढायला लागली. सोळाव्या वर्षी शर्यतीत उतरली, आणि तेव्हापासून बापलेकीचं बोलणं म्हणजे सायकल. शाळा, मैत्रिणी, दुखणं-खुपणं हे सगळं आईशी. बापाशी बोलायला चेन होती, गिअर होते, टायरमधली हवा होती, आणि तेवढ्यावर त्या दोघांचं छान चालत होतं.

मग ह्या वर्षी सरावाच्या मैदानावर शिकवायला नवे सर आले. त्यांनी धाकटीला यंत्रावर बसवलं, पाय मोजले, गुडघ्याचा कोन काढला, सगळी सायकल नव्याने बसवली. त्या संध्याकाळी ती घरी आली ती सरळ बापासमोर उभी राहिली.

"बाबा, शर्यत होईपर्यंत माझ्या सायकलला हात लावायचा नाही. शब्द द्या."

"अगं, पण साधं तेल..."

"तेलसुद्धा मी घालीन. शब्द द्या."

त्याने दिला. आणि दोन महिने पाळलाही, ह्याला त्याची बायको साक्षीदार आहे. त्या दोन महिन्यांत घरातला एकही स्क्रू त्याने ढिला ठेवला नाही. कपाटाची बिजागरी इतकी पिळली की दार उघडायला दोघं लागायची. धाकटीची सायकल घरात आली की तो तोंड फिरवायचा, जवळही जायचा नाही, बघायचासुद्धा नाही, कारण बघितलं की हात जाणार हे त्याला ठाऊक होतं.

शर्यत मुलींची. अठरा किलोमीटरची एक फेरी, अशा चार. पहिल्या सहा जणी प्रशिक्षण केंद्रात जाणार होत्या. तिथे राहायला खोली, खायला पोटभर आणि शिकवायला नामांकित माणसं. धाकटी दोन वर्षांपूर्वी अकरावी आली होती, गेल्या वर्षी नववी. आता तिला विसावं होतं, आणि वयाच्या अटीत बसायची ही शेवटची वेळ. सर तोंडावर बोलणारे. ते म्हणाले होते, "पाय आहेत तुझ्याकडे. पण जरा जड गेलं की तू आतून हार मानतेस." ते वाक्य पोरीने काट्यासारखं मनात ठेवून घेतलं होतं. आईला एकदा म्हणालीही होती, "आई, ते खरं बोलत असतील तर?"

शर्यतीच्या दिवशी पहाटे पाचला घरात दिवे लागले. धाकटी स्वयंपाकघरात उकडलेले बटाटे नि केळी खात बसली होती, आई चहा टाकत होती. सूतभर व्हरांड्यात आला. तिथे सायकल उभी होती. आता शर्यतीच्या दिवशी नुसतं बघायला काय हरकत आहे, असं म्हणून त्याने बघितलं. नुसता तळवा सीटवर ठेवून दाबला.

सीटची दांडी करकरली. अगदी बारीक. तुम्हा-आम्हाला ऐकूही आली नसती.

आता ही करकर ऐकून गप्प बसणं ह्या माणसाला जमायचं नाही. बहात्तर किलोमीटर पोरीच्या बुडाखाली हा आवाज होत राहणार, आणि बाप सायकलवाला. त्याने इकडे-तिकडे बघितलं, खिशातला पाना काढला, दांडी बाहेर ओढली. घासलेटच्या फडक्याने लख्ख पुसली. चिकटलेला मळ, काळपट ओघळ, एक बारीक काळी रेघ, सगळं निघून गेलं. ग्रीसचा हात फिरवला. सायकल घेतली त्या दिवशी दांडीवर त्याने स्वतः खिळ्याने एक खूण कोरून ठेवली होती. बरोबर त्या खुणेवर सीट बसवली आणि आवळली. पुन्हा दाबून बघितली. हूं की चूं नाही. पाच मिनिटांचं काम. तो हात धुऊन चहाला आला, तेव्हा त्याच्या चेहर्‍यावर इतकं समाधान होतं की बायको म्हणाली, "काय हो, आज फार खुशीत?"

"लेकीची शर्यत आहे," तो म्हणाला. ते खोटं नव्हतं.

जावई गाडी घेऊन आला. सायकल टपावर बांधून तो धाकटीला मैदानावर सोडून आला. सात वाजेपर्यंत सगळं कुटुंब घराजवळच्या औषधांच्या दुकानाच्या कोपर्‍यावर जमलं. फेरी संपत आली की शर्यत ह्या कोपर्‍यावर वळायची, समोरचा पाण्याच्या टाकीचा चढ चढायची, आणि टाकीपलीकडे मैदान. बायकोने पातेल्याचं झाकण आणि लाटणं आणलं होतं. थोरलीने पाण्याच्या बाटल्या नि बिस्किटं. चार वर्षांच्या नातीने नुसता घसा आणला होता, पण तो सगळ्यांना भारी होता. जावयाने कागदावर सगळ्या मुलींचे नंबर लिहून आणले होते, धाकटीच्या सत्तावीस नंबराभोवती दोनदा गोल काढला होता, आणि हातात मोबाइलचं घड्याळ चालू होतं. हा मनुष्य बँकेत कॅशियर, त्यामुळे आकडा चुकला तर त्याला जेवण जात नसे.

"लाटणं आणलंत, ते बाबांसाठी की झाकणासाठी?" जावयाने विचारलं.

"दिवस कसा जातो त्यावर आहे," सासू म्हणाली.

साडेसातला पोलिसाची मोटरसायकल दिसली, आणि तिच्या मागून तीसेक मुलींचा घोळका. सगळ्या चाकांचा मिळून एकच घूं आवाज. झाकण वाजलं, नात "मावशी, मावशी" म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडली, थोरलीने तर बँकेतली सगळी अदब सोडून शिटी मारली. सत्तावीस नंबर घोळक्याच्या मध्यावर होता. चांगली जागा होती ती. सगळे खूश झाले.

सूतभर सोडून. घोळका कोपर्‍यावर वळला त्या तीन-चार सेकंदांत त्याने जे बघायचं ते बघितलं. पोरीचा गुडघा वर येताना जास्तच दुमडत होता. पाय खाली जाताना पुरता लांब होत नव्हता. चढ लागताच तिची कंबर डावी-उजवीकडे डुलायला लागली. कोणाही परक्याच्या सायकलवर त्याने हे बघितलं असतं तर लगेच म्हणाला असता, खाली आहे, तीन सूत.

मग त्याला पुसलेली ती बारीक काळी रेघ आठवली. मळाची रेघ अशी सरळ, आडवी, दांडीला गोल वेढा घालून नसते. ती सरांची होती. सरांनी सीट वर घेतली होती, आणि त्याने ती आपल्या जुन्या खुणेवर आणून ठेवली होती.

तुम्ही म्हणाल, पोरीला कसं कळलं नाही? तीन सूत म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढंही नाही, आणि घाबरलेल्या माणसाला संशय आपल्या पायांचा येतो, सीटचा येत नाही. त्यातून ज्या पोरीला आतून हार मानतेस असं सांगून ठेवलंय, तिला तर नाहीच.

"जरा जड चालवतेय का हो आज?" जावयाने कागदावरून मान वर न करता विचारलं.

"झोप नसेल झाली," सूतभर म्हणाला.

चोराच्या मनात चांदणं. पुढचा अर्धा तास त्याने कसा काढला ते त्याचं त्यालाच माहीत. नातीने बिस्किट दिलं, ते त्याने खिशात ठेवलं. मनात एक हिशेब चालू होता आणि तो काही शोभणारा नव्हता. सांगायलाच हवं का? अजून तीन फेर्‍या आहेत, पोरगी जिद्दीची आहे, ओढून नेईल. आणि संध्याकाळी सायकल घरी आली की गुपचूप तीन सूत वर करून ठेवायची. ह्या कानाचं त्या कानाला कळणार नाही. शब्द मोडला हे कळलं तर ती पुन्हा कधी सायकल दुकानात आणणार नाही. आणि सायकल नसली तर आपण तिच्याशी बोलायचं कशाबद्दल? ह्या विचाराची त्याला खरोखर भीती वाटली. माणूस वाईट नव्हता, पण भित्रा झाला होता.

आठ वाजून दोन मिनिटांनी दुसरी फेरी आली. आता घोळका लांबला होता आणि सत्तावीस नंबर त्याच्या शेपटाला लोंबकळत होता. सूतभर पुढे सरसावला आणि "सीट" म्हणून ओरडला, पण झाकण, शिटी आणि नात ह्यांच्यापुढे त्याचा आवाज म्हणजे दर्यात खसखस. धाकटीने त्याच्याकडे बघितलं. त्याला वाटलं, तिला ऐकू आलं. तिने नुसती मान हलवली. नाही होत बाबा, अशी. ओठ आवळलेले, डोळ्यांत पाणी, आणि चेहर्‍यावर लाज. त्याच्यासमोरून मागे पडत जायची लाज. मग ती चढाकडे वळली.

बाकीचे अजून टाळ्याच वाजवत होते. चूक सूतभरची, आणि लाज ती वाटून घेत होती.

"अहो, ऐक," तो बायकोला म्हणाला. तीस वर्षांच्या संसारात त्याची अहो आणि ऐक ह्यांची अशी खिचडी कधी झाली नव्हती, म्हणून तिने झाकण खाली केलं. "सीट मी काढली होती. पहाटे. करकरत होती म्हणून. चुकीची बसवली. तिचे पाय ठीक आहेत, सीट खाली आहे."

बायको रागावली की बडबडायची, आणि फार रागावली की गप्प व्हायची. ती गप्प झाली. थोरलीने "बाबा" एवढंच म्हटलं. जावई कागदाची घडी घालत, उलगडत राहिला.

"मला सांगून काय उपयोग?" शेवटी बायको म्हणाली. "तिला सांगा."

"ऐकू जात नाही तिला. वार्‍यासारख्या जातात इथून."

"मग चढावर चला. तिथे वारा थांबतो."

जावई घाईघाईने म्हणाला, "बाबा, एक लक्षात ठेवा. बाहेरच्या कुणी सायकलला हात लावला तर ती बाद. पाना नुसता हातात दिलात तरी बाद. शर्यतीमागे आयोजकांचा मेकॅनिक असतो मोटरसायकलवर. तिने थांबून हात वर करायचा, मग फक्त तोच करू शकतो."

सूतभरने खिशातून पाना काढला आणि बायकोच्या हातात दिला. "तुझ्याकडे ठेव," तो म्हणाला. "माझ्याजवळ असला तर माझे हात ऐकायचे नाहीत."

उकिडवं बसून बसून त्याच्या गुडघ्यांची वाट लागलेली. लोकांच्या गुडघ्यांची काळजी करणार्‍याचे स्वतःचे गुडघे असे. बायकोच्या खांद्यावर हात ठेवून तो निम्मा चढ चढला. जिथे चढ सगळ्यात उभा होता तिथे दोघं थांबली. वर पोहोचल्यावर बायको म्हणाली, "घाम पुसा," आणि पदर पुढे केला. राग तिचा गेला नव्हता, पण नवराही तिचाच होता.

तिसर्‍या फेरीपर्यंत निम्म्या मुली थकून उतरल्या होत्या. पुढच्या गेल्या, मग मधल्या गेल्या, मग रस्ता रिकामा झाला. मिनिटभराने सत्तावीस नंबर एकटाच वर येताना दिसला. इतक्या हळू, की शेजारून चालणारं मूलही तिच्याबरोबर आलं असतं. तिने खाली चाकाकडे मान घातली होती.

सूतभर तिच्या बाजूने पळायला लागला. त्या पळण्याला पळणं म्हणायचं तर म्हणा.

"सीट खाली आहे," तो म्हणाला. "तीन सूत. ऐकलंस? मी काढली होती सकाळी. तुझ्या सरांची रेघ मी पुसली."

तिने मान वर केली. "काय?"

"तुझ्या पायांना काही झालेलं नाही. माझी चूक आहे. मी शब्द मोडला." त्याला धाप लागली होती, पण आवाज त्याने खाली आणला नाही. दोन्ही बाजूला गल्लीतली माणसं उभी होती, त्याची गिर्‍हाईकं उभी होती, आणि सगळ्यांनी ते ऐकलं. "माझं चुकलं. हात वर कर, मागे मेकॅनिक आहे."

तिने आणखी आठ-दहा पायडल मारली. मग ब्रेक दाबला, एक पाय खाली टेकवला आणि हात वर केला.

मोटरसायकल आली. मेकॅनिक पोट सुटलेला, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि घाई हा शब्द त्याने कधी ऐकला नसावा. आधी त्याने चष्मा खाली घेतला. मग पेटी उघडली. मग एक पाना काढला, तो बसेना, दुसरा काढला. सूतभर तीन फुटांवर उभा होता. त्याच्या हातांना ते बघवत नव्हतं. त्याने ते पाठीमागे नेले आणि एकात एक अडकवून ठेवले, आणि बायकोने मागून वर आपलाही हात घट्ट आवळला.

"किती घेऊ वर?" मेकॅनिकने विचारलं.

धाकटीने बापाकडे बघितलं. रागाने लाल झाली होती, तरी तिने विचारलं, "किती?"

"तीन सूत."

"सूत म्हणजे?" मेकॅनिक म्हणाला.

"साडेनऊ मिलिमीटर," धाकटीच म्हणाली. तिच्या बापाचं माप तिला पाळण्यापासून ठाऊक.

मेकॅनिकने सीट वर घेतली, आवळायला लागला. "टोक डावीकडे गेलंय," सूतभर जागेवरूनच म्हणाला. मेकॅनिकने त्याच्याकडे कपाळाला आठ्या घालून बघितलं, मग सीटकडे बघितलं, आणि टोक सरळ केलं. असे पन्नास सेकंद गेले. धाकटी चढून बसली. मेकॅनिकने मागून रेटा दिला.

"शब्द दिला होतात तुम्ही," ती जाता जाता म्हणाली. सूतभरला तिने एवढंच सुनावलं, आणि त्याला ते पुरलं.

ती टाकीच्या वळणाआड गेली तेव्हा तिची कंबर डुलत नव्हती. पाय शेवटपर्यंत लांब होत होते.

ती दोघं तिथेच थांबली. खालून थोरली, जावई आणि नात वर आली. शेवटच्या फेरीला आधी पाच जणी गेल्या, मग थोड्या वेळाने सहावी. जावई ओठांतल्या ओठांत मोजत होता. सातवी गेली. आणि मग सत्तावीस नंबर आला, आणि चढ असा चढला की सूतभरच्या अंगावर काटा आला. तिच्या पुढे रस्त्यावर दोघी होत्या, आणि दर पायडलला त्या जवळ येत होत्या. झाकण वाजलं, नात ओरडली. सूतभर नुसता, "जा, बाई, जा," असं पुटपुटत राहिला.

मैदानावर निकाल लागला तेव्हा जावयाने कागद दोनदा तपासला. त्याला तो वाचायचा नव्हता, हे दिसत होतं.

"आठवी," तो म्हणाला. "सहावीच्या मागे बावीस सेकंद."

सीट वर घ्यायला पन्नास सेकंद गेले होते. तीन फेर्‍या चुकीच्या सीटवर गेल्या ते वेगळंच. ही वजाबाकी करायला बँकेत असावं लागत नाही. नातीने आईचा हात धरला.

धाकटी कुंपणाच्या कडेला जमिनीवर बसली होती, पाय पसरून. सायकल बाजूला गवतात आडवी. आईने तिच्या डोक्यावरून पाणी ओतलं, थोरलीने बाटली दिली. ती अर्धी बाटली प्यायली. मग तिने बापाकडे बघितलं. तो चार पावलं लांबच उभा होता, बोलावल्याशिवाय यायचं नाही असं ठरवून.

"इकडे या," ती म्हणाली.

तो गेला.

"तुम्ही तिसर्‍या फेरीला भेटलात ना, तेव्हा मी टाकीपाशी उतरणार होते. ठरवलं होतं. उतरायचं, सायकल तिथेच भिंतीला लावायची, आणि घरी येऊन झोपायचं. पुन्हा म्हणून सायकलवर बसायचं नाही. सर म्हणतात तेच खरं, माझ्यातच दम नाही, असं मनात पक्कं झालं होतं माझ्या."

सूतभरने गवतातल्या सायकलच्या सीटकडे बघितलं.

"तुम्ही गप्प बसू शकला असतात," ती म्हणाली. "संध्याकाळी सीट वर करून ठेवली असती, मला पत्ता लागला नसता."

"हो," तो म्हणाला. "मनात आलं होतं तसं."

"मग?"

"तू मान हलवलीस ना, दुसर्‍या फेरीला. ते नाही बघवलं मला." त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत. "तुझी जागा मी घालवली, पोरी. माझ्यामुळे गेली. पण तू कमी नाहीस. तू कमी आहेस असं तुला वाटलेलं मला चालणार नाही."

मग तिच्याही डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते मनगटाने पुसलं. "मी भयंकर रागावलेय," ती म्हणाली. "आठ दिवस तुमच्याशी बोलणार नाही."

"बरं," तो म्हणाला. "आठ तर आठ."

तिने बूट काढायला हात पुढे नेले, पण चार फेर्‍या हँडल धरून बोटं अशी आखडली होती की बुटाचा पट्टाच सुटेना. दोनदा प्रयत्न केला, जमला नाही. सूतभर तिच्यासमोर गुडघे मोडत, कण्हत, उकिडवा बसला. सवयीने त्याचे हात पट्ट्याकडे गेले, आणि बोटभर अंतरावर थांबले. ह्या माणसाने आयुष्यात कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"लावू का हात?" त्याने विचारलं.

ती काही बोलली नाही. बोलायचं नाही हे तर तिचं ठरलंच होतं. तिने नुसता पाय पुढे केला.